मावशीचं ताट आणि क्लारा डेव्हिसची यादी

सुरतेच्या लिंबायत भागातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या राहत्या घरीच पाळणाघर चालवतात. दीड ते चार वर्षांची सहा-सात मुलं, बहुतेक खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या घरांतली. कोणाची आई कापड मार्केटमध्ये, कोणाची साड्यांना लेस-टिक्या लावायच्या कामावर. सकाळी मुलाबरोबर डबा येतो आणि डब्याबरोबर पाच रुपयांचं पडीकं, म्हणजे दुकानातल्या तयार खाऊचं पाकीट. ‘पडीकं दहाच्या आत फस्त. डबा जसाच्या तसा. संध्याकाळी आई विचारते, मावशी, आज तरी जेवला का? मी रोज काय सांगू?’

ह्या वयाच्या मुलांच्या खाण्यावर शास्त्रज्ञ गेली शंभर वर्षं डोकं खपवत आहेत. त्यातून निघालेलं उत्तर असं, की ह्या बाबतीत आईपेक्षा मावशीची बाजू भक्कम आहे. ते का, ते पाहू.

आधी नकाराकडे. वर्षाच्या आतलं बाळ भरवाल ते बहुधा गिळतं. तेच बाळ दोन वर्षांचं झालं की ओळखीच्या चार पदार्थांपलीकडे तोंड उघडत नाही. आईला वाटतं हट्टीपणा वाढला, आजीला वाटतं दृष्ट लागली. शास्त्रज्ञांचा कयास वेगळा आहे. चालायला लागलेलं पोर रानात कुठलाही पाला, कुठलंही फळ तोंडात घालू शकतं. जी पोरं अनोळखी आणि कडू चवीला बिचकली, ती जगली. त्यांचेच आपण वंशज. म्हणजे दोन ते सहा ह्या वयात जिभेच्या दारावर सोसायटीचा वॉचमन बसलेला असतो. नवा चेहरा दिसला की अडवतो. तोच चेहरा रोज दिसू लागला की रजिस्टर काढायचं सोडून देतो.

किती वेळा दिसावा लागतो? लिअन बर्च ह्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२मध्ये दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी चीज आणि फळं चाखायला दिली. काही पदार्थ दोनदाच, काही पाच, दहा, पंधरा, तर काही वीस वेळा. जो पदार्थ जास्त वेळा चाखला, तो जास्त आवडला. नुसता दाखवून मात्र भागत नाही. कणभर का होईना, जिभेला लागावा लागतो. आता घराघरांत काय होतं? तीन ते पाच वेळा देऊन पाहतात आणि ‘ह्याला दुधी आवडत नाही’ असा कायमचा शिक्का मारतात. वॉचमन विरघळायच्या बेतात असतानाच पाहुणा परत फिरतो.

वॉचमनला लवकर राजी करायचा एक मार्ग आहे. सोसायटीतलेच लोक पाहुण्याच्या खांद्यावर हात टाकून आत शिरले, की तो काही विचारत नाही. बर्चबाईंनी १९८०मध्ये हेच करून पाहिलं. दोन भाज्यांपैकी एक आवडणाऱ्या मुलाला, दुसरी आवडणाऱ्या तीन-चार मुलांच्या पंगतीत चार दिवस जेवायला बसवलं. कोणी शब्दाने काही सांगितलं नाही. तरी ते मूल नावडती भाजी उचलू लागलं. ही पंगत आईकडे नसते. मावशीकडे रोज असते, आणि पंगतीच्या ह्या बळाची मावशीला कल्पनाही नसते.

मावशीने स्वतःही पंगतीत बसावं. २००५मधल्या एका प्रयोगात मुलांपुढे रव्याचा रंगवलेला पदार्थ ठेवला होता (हो, आपला रवा, शास्त्रालाही उपम्यावाचून गत्यंतर नाही!). समोरचं मोठं माणूस त्याच रंगाचा रवा खात असेल तर मुलं खायला लागली. ते वेगळ्या रंगाचा खात असेल किंवा नुसतं शेजारी बसलं असेल, तर फारसा उपयोग झाला नाही. मुलांना गिलक्याची भाजी वाढून आपण कोपऱ्यात चहा-खारी घेणाऱ्या मोठ्या माणसांनी ह्यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

आणि ‘संपव, संपव’ म्हणू नये. २००६मध्ये बालवाडीतल्या मुलांना दोन सूप दिली गेली. एकाच्या वेळी ‘संपव’ असा तगादा, दुसऱ्याच्या वेळी मौन. तगादा लावलेलं सूप मुलांनी कमी प्यायलं आणि नावं जास्त ठेवली. ‘भाजी खा, मग चॉकलेट देते’ हा सौदाही अंगाशी येतो, कारण पाहुण्याला आत घ्यायला कोणी पैसे देऊ लागलं की वॉचमनचा संशय वाढणारच. चिकटचित्रासारख्या छोट्या बक्षिसाने फायदा झाल्याचं लंडनच्या प्रयोगांत दिसलं आहे, तेव्हा तो वाद मिटलेला नाही. खाऊची लाच मात्र नकोच.

आता ह्या सगळ्याच्या आधीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण जिची ती आहे ती बाई पार विस्मरणात गेली.

क्लारा डेव्हिस ह्या बालरोगतज्ज्ञ. १९२०च्या दशकात अमेरिकेत डॉक्टर आयांच्या हाती वेळापत्रकं ठेवत होते: अमुक वाजता अमुक औंस. मुलं खाईनात, आया रडकुंडीला येत. डेव्हिसबाईंनी विचारलं, बाळालाच ठरवू दिलं तर? १९२६मध्ये क्लीव्हलँडच्या एका रुग्णालयात त्यांनी प्रयोग सुरू केला आणि पुढे तो शिकागोला नेला. गरीब, निराधार आयांची एकूण १५ मुलं, सहा ते अकरा महिन्यांची, वरचं अन्न तोवर न चाखलेली. पदार्थ एकूण ३४: दूध, आंबवलेलं दूध, फळं, गाजर, बीट, पालक, बटाटा, गहू, बार्ली, अंडी, मासे, मांस, काळीज, हाडातला मगज, वेगळ्या वाटीत मीठ. त्यांतले दहा-बारा वाट्यांमधून एका वेळी पुढे मांडायचे. परिचारिकेने हातात चमचा घेऊन गप्प बसायचं. मुलाने बोट केलं तरच त्या वाटीतला घास द्यायचा. चांगलं-वाईट काही बोलायचं नाही. सांडलेलंसुद्धा तोलून मांडायचं. अशी छत्तीस हजारांवर जेवणं नोंदली गेली!

मुलांनी काय करावं? एकाने न्याहारीला ग्लासच्या ग्लास संत्र्याचा रस आणि काळीज, दुसऱ्याने रात्री अंडी, केळी आणि दूध. कुठलाही आहारतज्ज्ञ घेरी येऊन पडेल असे बेत. पण महिन्यांचा हिशेब मांडला तर पंधराही मुलं धडधाकट वाढली. एक मुडदूस झालेलं बाळ आलं होतं. त्याच्या ताटात कॉड माशाच्या तेलाची वाटी ठेवली. ते घाण वासाचं तेल बाळ आपण होऊन घेत राहिलं, आणि हाडं सुधारल्यावर त्याने ते सोडलं.

‘शरीराला सगळं कळतं’ असा डांगोरा लगेच पिटला गेला. डॉक्टर स्पॉक यांच्या बालसंगोपनावरच्या १९४६च्या गाजलेल्या पुस्तकातूनही डेव्हिसबाईंचा प्रयोग घरोघरी पोचला. पण बाईंनी स्वतः १९३९मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांपुढे बजावून सांगितलं होतं, की ह्यातली खरी मेख पदार्थांच्या यादीत आहे. साखर, मैदा, डबाबंद माल यादीत नव्हताच. मुलाने काहीही उचललं तरी ते चांगलंच निघणार होतं. मुलांना मोकळीक होती ती मोठ्यांनी आखलेल्या अंगणात. कारखान्यातले पदार्थ यादीत घालून दुसरा प्रयोग करायची त्यांची इच्छा होती, पण मंदी आली आणि पैसा आटला. तो दुसरा प्रयोग आज लिंबायतच्या प्रत्येक किराणा दुकानाच्या दारात लोंबतो आहे. फक्त नोंदी कोणी ठेवत नाही.

आखून दिलेल्या परिसरात मोकळीक, हे तत्त्व आपल्याला परकं नाही. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडकांनी माँटेसरीचं तेच सूत्र देशी केलं आणि १९४५मध्ये मुंबई-सुरत लोहमार्गावरच्या बोर्डीला नेलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा अनुताई वाघांना साथीला घेऊन त्यांनी बालवाडीच पाड्यांच्या अंगणात नेली. आजची अंगणवाडी त्याच वाटेवरची.

मग मावशी, ताट तुम्ही आखा. काय, कधी आणि कुठे, हे तुमच्याकडे. किती आणि खायचं की नाही, हे मुलाकडे. एलिन सॅटर ह्या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी ही वाटणी सांगितली आणि ती आजही मानली जाते. आयांशी बोलून पडीकी उंबऱ्याबाहेर ठेवा. एकालाही सूट दिली तर पंगतीचं बळ उलट्या दिशेने चालतं. डबे उघडून सगळ्यांचं थोडं थोडं एका परातीत मांडा. ओळखीची भाकरी-वरण असू दे, शेजारी नव्या भाजीचा एक चमचा. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास पाणी सोडून काही नको. अर्ध्या तासाने ताट उचला, चेहऱ्यावर काही न दाखवता. सुरती पापडी, मुगाचं वरण, बाजरी, कळण्याची भाकरी, केळं, पपई, चिकू, ताक ह्यांतलं काहीच महाग नाही. शेंगदाणे अख्खे देऊ नका, घशात अडकतात, कूट करा. आणि चहा-बिस्किट बंद. गुजरातेत पाच वर्षांखालच्या ७९.७ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असं २०१९-२१चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, आणि चहा जेवणातलं लोह नीट शोषू देत नाही. वरणावर लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं.

दुकानदार उंची वाढवणारी म्हणून दुधात घालायची पावडर सुचवेल. एप्रिल २०२४मध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ ह्या वर्गातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात त्या नावाचा प्रकारच नाही. मोबाइलवर फिरणारे ‘वैज्ञानिक’ उपायही जपून घ्या. सफरचंदाला कार्टूनचं चिकटचित्र लावलं की मुलं ते उचलतात, असा कॉर्नेल विद्यापीठाच्या ब्रायन वान्सिंक यांचा २०१२चा निबंध जगभर गाजला. २०१७मध्ये तो मागे घ्यावा लागला. आठ ते अकरा वर्षांची म्हणून सांगितलेली मुलं प्रत्यक्षात तीन ते पाच वर्षांची होती! मुलांचं वयही ज्याला धड नोंदवता आलं नाही, त्याच्या सल्ल्यावर कितीतरी शाळांची उपाहारगृहं चालली.

पंगतीने सगळं सुटत नाही. वजन वाढत नसेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा दोन-चार पदार्थांपलीकडे काहीच जात नसेल, तर डॉक्टरला दाखवा. दर महिन्याला अंगणवाडीच्या काट्यावर वजन करून घ्या आणि तो आकडा आईच्या हाती ठेवा. ‘आज जेवला का?’ ह्या प्रश्नाला एका दिवसाचं उत्तर नसतंच. डेव्हिसबाईंची मुलंही एखाद्या दिवशी जेमतेम खात आणि दुसऱ्या दिवशी भरपाई करत. तेव्हा आईला सांगा, काय वाढलं ते रोज सांगेन, किती खाल्लं ते महिन्याने काटा सांगेल.