खुंट जावाचा, कलम स्कालाचे

आंब्याचे कलम बांधताना तुम्ही पाहिले असेल. खुंट एका झाडाचा, त्यावर फांदी दुसऱ्या झाडाची. फांदीला आयती मुळे मिळतात. पण त्या मुळांच्या मर्यादाही पदरी येतात. संगणकाच्या भाषांतही अशी कलमे असतात. ‘स्काला’ ही त्यांपैकीच एक.

प्रथम खुंटाची ओळख करून घेऊ. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने जावा ही भाषा प्रसिद्ध केली. जावातील आज्ञावलीचे भाषांतर ‘बाइटकोड’ या मधल्या भाषेत होते. तो चालवण्याचे काम ‘जावा आभासी यंत्र’ नावाची दुसरी आज्ञावली करते. हे यंत्र ज्या संगणकावर असेल, तेथे तोच बाइटकोड चालतो.

स्वित्झर्लंडमधील लोझानच्या तंत्रसंस्थेत मार्टिन ओडरस्की यांनी २००१ मध्ये स्कालाची आखणी सुरू केली. २००४ मध्ये ती लोकांपुढे आली. भाषा नवी, पण तिचे भाषांतरही बाइटकोडमध्येच! त्यामुळे फाइल वाचणे, तारखांचा हिशेब करणे अशा कामांसाठी जावात लिहिलेल्या तयार आज्ञावल्या स्कालाला लगेच वापरता आल्या.

मग याची किंमत कोणती? समजा, एक यादी अंकांची आहे व दुसरी शब्दांची. भाषांतर होताना हा फरक कसोशीने तपासला जातो. पण बाइटकोड तयार होताना ‘अंकांची’, ‘शब्दांची’ ही नावे पुसली जातात. फडताळातील डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकाव्यात, तसेच हे. आज्ञावली चालू असताना अंकांच्या यादीला ‘तू शब्दांची यादी आहेस का?’ असे विचारले, तर उत्तर ‘होय’ असे येते! भाषांतर करतानाच तेवढा धोक्याचा इशारा मिळतो.

हे असे का? जावात अशा याद्यांची सोय २००४ मध्ये आली. जुन्या आज्ञावल्या बंद पडू नयेत, म्हणून नावे पुसण्याचा मार्ग पत्करला गेला. त्या आराखड्यात ओडरस्की यांचाही वाटा होता. स्वतःच घडवलेल्या खुंटाचे बंधन त्यांच्या कलमाला पाळावे लागले!

दुसरे खुंटही आजमावले गेले. मायक्रोसॉफ्टच्या ‘डॉट नेट’वर स्काला आणली गेली, पण २०१२ मध्ये तो प्रयत्न सोडून देण्यात आला. २०१३ मध्ये ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टवर मात्र नवे कलम बांधले गेले, आणि ते जगले.

म्हणून, मित्रांनो, नवी भाषा शिकताना तिच्या व्याकरणाबरोबर तिचा खुंटही विचारा. तिच्या कितीतरी खोडींचे कारण तेथेच सापडेल.