चार वर्षांचं नाणं



"घरात जुनं परदेशी नाणं आहे? लाखो रुपये मिळतील!" असे व्हिडिओ आता गावोगावी मोबाइलवर फिरतात. त्यात अमेरिकेची नाणीही दाखवतात. आपण गटाच्या वहीत रुपया-रुपयाचा हिशोब ठेवणाऱ्या बाया. तेव्हा जुन्या नाण्याचं मोल नेमकं कशावर ठरतं, हे आपल्याला माहीत असायला हवं. म्हणून आज अमेरिकेतल्या अशा काही नाण्यांविषयी बोलू, जी थोडीच वर्षं चालली आणि बंद पडली. ही नाणी जमवण्याचा छंद तिथे बऱ्याच लोकांना आहे.

आधी साधा हिशोब. अमेरिकेत एका डॉलरचे शंभर सेंट होतात. तिथल्या लोकांच्या हातात आज मुख्यतः १, ५, १० आणि २५ सेंटची नाणी दिसतात. पण जुन्या काळी तिथे अर्ध्या सेंटचं, दोन सेंटचं, तीन सेंटचं आणि वीस सेंटचंही नाणं होतं. यातलं कोणतंही नाणं उगाच निघालं नाही. त्यामागे कुणाची ना कुणाची अडचण होती.

तीन सेंटचं नाणं बघा. १८५१ साली तिथे साध्या पत्राचं टपाल पाच सेंटवरून तीन सेंटवर आलं. तिकीट घ्यायला सोपं जावं म्हणून त्याच वर्षी तीन सेंटचं चांदीचं नाणं काढलं. ते होतं फक्त १४ मिलिमीटर रुंद, आणि वजन एक ग्रॅमसुद्धा नाही! लोक त्याला माशाचा खवला म्हणायचे. इतकं बारीक नाणं हातातून निसटायचं, हरवायचं. १८७३ साली ते बंद झालं.

दोन सेंटचं नाणं युद्धातून आलं. १८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण राज्यांमध्ये यादवी युद्ध पेटलं. पुढे काय होईल या धास्तीने लोकांनी सोन्याचांदीची नाणी घरात दडवली. बाजारात सुट्ट्या पैशांची टंचाई झाली. लोक मोड म्हणून टपालाची तिकिटं देऊ लागले, दुकानदारांनी स्वतःची टोकनं काढली. तेव्हा १८६४ साली सरकारने दोन सेंटचं काशाचं नाणं काढलं. 'देवावर आमचा भरवसा' या अर्थाचं वाक्य अमेरिकेच्या चलनी नाण्यावर पहिल्यांदा आलं ते याच नाण्यावर. युद्ध संपलं, १८६६ साली पाच सेंटचं नवं नाणं आलं, आणि दोन सेंटची गरज सरली. १८७३ साली तेही बंद झालं.

आता सगळ्यात कमी टिकलेलं, वीस सेंटचं. अमेरिकेच्या पश्चिम भागात तेव्हा लहान नाणी फारशी चालत नव्हती. तिथे जुन्या स्पॅनिश हिशोबाने वस्तूची किंमत 'बिट'मध्ये सांगायचे. एक बिट म्हणजे साडेबारा सेंट. गिऱ्हाइकाने एका बिटच्या वस्तूला २५ सेंटचं नाणं दिलं, की दुकानदार दहा सेंट परत द्यायचा. म्हणजे प्रत्येक खरेदीत अडीच सेंट गिऱ्हाइकाच्या खिशातून जायचे. नेवाडा राज्याचे सिनेटर जॉन जोन्स म्हणाले, वीस सेंटचं नाणं काढा, म्हणजे मोड बरोबर मिळेल. नेवाडात चांदीच्या खाणी होत्या. नवं नाणं निघालं तर तिथली चांदीही खपणार होती.

१८७५ साली नाणं आलं. पण त्याच्यावर बसलेली देवी आणि पाठीमागे गरुड. २५ सेंटच्या नाण्यावरही तसंच! रंग तोच, आकारात फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा. कड तेवढी गुळगुळीत होती, २५ सेंटच्या कडेला कंगोरे होते. घाईच्या व्यवहारात कड कोण तपासतं? लोक फसू लागले आणि नाणं नको म्हणू लागले. दोनच वर्षं ते व्यवहारासाठी पाडलं. पुढची दोन वर्षं फक्त संग्रह करणाऱ्यांपुरतं पाडलं आणि १८७८ साली थांबवलं.

शंभर वर्षांनी पुन्हा तेच घडलं. १९७९ साली सुसान अँथनी यांचं चित्र असलेलं एक डॉलरचं नाणं निघालं. या बाईंनी स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कासाठी आयुष्य घालवलं. १८७२ साली त्यांनी मत दिलं म्हणून त्यांना अटक झाली, शंभर डॉलर दंड झाला. तो त्यांनी कधीच भरला नाही. रोजच्या वापराच्या अमेरिकन नाण्यावर खऱ्याखुऱ्या स्त्रीचं चित्र येण्याची ती पहिलीच वेळ. मान मोठा होता, पण नाणं पुन्हा २५ सेंटसारखंच दिसायचं. लोकांनी ते घेतलं नाही.

आता मोलाकडे येऊ. अँथनी डॉलर पहिल्याच वर्षी ७५ कोटींहून जास्त पाडले. पुष्कळ लोकांनी जपूनही ठेवले. म्हणून त्यातल्या बहुतेक वापरलेल्या नाण्यांची किंमत आजही एक डॉलरच आहे. याउलट, १८७६ साली कार्सन सिटीच्या टांकसाळीने वीस सेंटची दहा हजार नाणी पाडली आणि बहुतेक पुन्हा वितळवली. आज ती वीसएकच उरली आहेत, म्हणून त्यांना फार मोठी किंमत मिळते. पण १८७५ साली सॅन फ्रान्सिस्कोला पाडलेली नाणी अकरा लाखांहून जास्त होती. ती त्या मानाने सहज मिळतात. नाणं तेच, फरक फक्त साल आणि टांकसाळीच्या बारीक खुणेचा. म्हणजे नुसतं जुनं असून भागत नाही. किती उरली, कोणत्या स्थितीत उरली आणि ती हवी असणारे किती, यावर मोल ठरतं.

तुमच्याकडे कुठलंही जुनं नाणं असेल, तर ते चिंच-मीठ किंवा राखेने घासू नका. आपल्याला भांडं चकचकीत हवं असतं, पण घासलेल्या नाण्याचा वरचा थर जातो आणि किंमत पडते. नाणं कडेला धरून उचला, कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. देश, किंमत, साल आणि बारीक खूण वहीत लिहून ठेवा.

आणि कुणी नाणं विकत घेतो म्हणून आधी तुमच्याकडेच नोंदणीचे, कराचे किंवा कमिशनचे पैसे मागितले, तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने अशी फसवणूक होत होती, म्हणून २०२१ साली बँकेने जाहीर सांगितलं, की आम्ही जुन्या नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीत नाही आणि त्यासाठी कुणाकडून पैसेही मागत नाही. खात्याची माहिती किंवा ओटीपी कुणालाही देऊ नका. ज्याला वस्तू घ्यायची, त्याने पैसे द्यायचे. बाजाराचा हा नियम नाण्यालाही लागू आहे.

पुढच्या बैठकीत हे सगळ्या जणींना सांगा. विशेषतः ज्यांच्या हातात मोबाइल नवा आहे, त्यांना आधी.