दुसरी पंगत

कॉलऱ्याच्या वॉर्डातल्या खाटेला मधोमध भोक असतं आणि भोकाखाली बादली. रुग्णाच्या अंगातून किती पाणी गेलं ते बादलीवरून मोजायचं आणि तेवढंच पाणी तोंडावाटे किंवा शिरेतून परत द्यायचं, हा या आजाराचा खरा उपचार. १९७१ साली बांगलादेश युद्धातले निर्वासित बनगावच्या छावण्यांत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवली. आज ‘ओआरएस’ म्हणून घरोघरी ठाऊक असलेलं पाणी ते हेच. त्यात एक उणीव मात्र होती. माणूस जगायचा, पण जुलाब चालूच राहायचे. बादली भरायची थांबत नसे.

ही उणीव भरून काढायला वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. बी. एस. रामकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळाच पदार्थ निवडला. कॉलऱ्याच्या ४८ रुग्णांचे तीन गट केले. एकाला नेहमीचं ओआरएस, दुसऱ्याला त्यात तांदळाचं पीठ घालून आणि तिसऱ्याला लिटरमागे ५० ग्रॅम मक्याचा स्टार्च घालून. हा मका खास जातीचा होता आणि त्याचा स्टार्च माणसाच्या लहान आतड्यात फारसा पचत नाही. पहिल्या गटाचे जुलाब थांबायला सरासरी ९१ तासांच्या आसपास लागले, मक्याच्या गटाचे सुमारे ५७ तासांत थांबले. हा अभ्यास २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला.

जे पचतच नाही ते पोटाला आवर कसं घालतं? कॉलऱ्याचं विष लहान आतड्याला पाणी ओतायला लावतं आणि मीठ शोषून घेण्याची एक वाट बंद करतं. मोठ्या आतड्यात मात्र दुसरी वाट उघडी असते. तिथले जिवाणू न पचलेला स्टार्च आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार होतात, ही आम्लं आतड्याच्या पेशींत शिरताना सोबत सोडियम नेतात आणि सोडियमच्या मागोमाग पाणी जातं. कॉलऱ्याचं विष ही वाट अडवू शकत नाही. आपण जेवतो ती पहिली पंगत. लहान आतड्यातून जे उरतं त्यावर मोठ्या आतड्यात दुसरी पंगत बसते, आणि वेल्लोरच्या डॉक्टरांनी अन्न वाढलं ते या दुसऱ्या पंगतीला.

अशा न पचणाऱ्या स्टार्चला ‘रेझिस्टंट स्टार्च’ म्हणतात. त्याचं नाव काढलं की हल्ली वजन आणि रक्तातली साखर एवढंच बोललं जातं. या पदार्थाचं काम सगळ्यात स्वच्छ दिसलं ते मात्र वेल्लोर आणि ढाक्यातल्या गरीब रुग्णांच्या खाटांवर. म्हणून सुरुवात तिथून केली.

शोध लागला तो मात्र केंब्रिजमध्ये, आणि तोही वाटेतली अडचण म्हणून. हान्स एंग्लिस्ट तिथे अन्नातला चोथा मोजत होते. त्यासाठी आधी स्टार्च विकरांनी (एन्झाइमांनी) पूर्ण काढून टाकावा लागतो. पण शिजवून गार झालेल्या पदार्थांत थोडा स्टार्च विकरांना दाद देईना. १९८२ साली त्यांनी त्याला ‘रेझिस्टंट स्टार्च’ म्हटलं. हे फक्त परीक्षानळीत घडतं का, याचं उत्तर लहान आतड्याचं तोंड शस्त्रक्रियेने पोटावर काढलेल्या रुग्णांनी दिलं. त्यांनी खाल्लेल्या अन्नातून काय उरलं ते थेट मोजता येत होतं. जॉन कमिंग्ज यांच्यासोबत एंग्लिस्टनी १९८६ साली केळ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. केळं जितकं हिरवं, तितका त्यातला जास्त स्टार्च न पचता पुढे जातो, आणि हा ऐवज केळ्यातल्या नेहमीच्या चोथ्याच्या आठपटीपर्यंत जाऊ शकतो, असं त्यात दिसलं.

दाण्याच्या आत काय घडतं ते पाहू. स्टार्चमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात: फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन आणि जवळजवळ सरळ असलेलं अमायलोज. कच्च्या दाण्यात त्या घट्ट रचलेल्या असतात. भात शिजताना दाण्यात पाणी शिरतं, तो फुगतो, रचना मोडते आणि साखळ्या सुट्या होतात. अशा सुट्या साखळ्या विकर झपाट्याने तोडतात, म्हणून गरम मऊ भात खाल्ल्यावर साखर लवकर चढते. भात गार झाला की अमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि काही ठिकाणी इतक्या घट्ट की विकराला आत शिरता येत नाही. सकाळचा भात रात्री टणक लागतो तो यामुळेच. तो पुन्हा गरम केला तरी अमायलोजची ही गाठ सहसा सुटत नाही. स्टार्च वाचतो त्याची दुसरी तऱ्हा म्हणजे मुळातच विकरांना न बधणारा कच्चा दाणा, जसा हिरव्या केळ्यात असतो. तिसरी म्हणजे पेशीच्या भिंतीआड कोंडलेला स्टार्च. ही तिसरी तऱ्हा आपल्या स्वयंपाकघरात रोज असते. अख्ख्या हरभऱ्याच्या उसळीत भिंती बऱ्याचशा शाबूत राहतात. तोच हरभरा दळून बेसन केलं की त्या फुटतात आणि स्टार्च उघडा पडतो.

दुसऱ्या पंगतीतही मान ठरलेला असतो. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या रोवेट इन्स्टिट्यूटमध्ये हॅरी फ्लिंट यांच्या गटाने १४ जाड पुरुषांना काही आठवडे मोजूनमापून जेवू घातलं. रेझिस्टंट स्टार्च सुरू झाला तसा बहुतेकांच्या पोटात रुमिनोकॉकस ब्रोमी हा जिवाणू वाढला. दोघांच्या पोटात मात्र तो नगण्य होता, आणि त्या दोघांनी खाल्लेला साठ टक्क्यांहून अधिक रेझिस्टंट स्टार्च तसाच बाहेर पडला. पुढे याच गटाने प्रयोगशाळेत, ब्रोमी नगण्य असलेल्या विष्ठेच्या नमुन्यात हा जिवाणू घालून पाहिला, तेव्हा अडलेलं आंबवणं सुरू झालं. घट्ट स्टार्च पहिल्यांदा फोडायचं काम ब्रोमी करतो. सुटलेल्या तुकड्यांवर इतर जिवाणू जगतात आणि त्यांतले काही ब्युटिरेट बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतांश ऊर्जा ब्युटिरेटमधूनच घेतात. ब्रोमी स्वतः ब्युटिरेट बनवत नाही, पण तोच नसेल तर बाकीच्यांच्या पानात फारसं काही पडत नाही. एकाच पदार्थाने एकाला गुण यावा आणि शेजारच्याला नुसता गॅस व्हावा, यामागचं एक मोठं कारण मला इथे दिसतं.

दुसऱ्या पंगतीला वाढायच्या याच विचाराने ढाक्यात लहान मुलांसाठी काम झालं. तिथल्या अतिसार संशोधन केंद्रात जी. एच. रब्बानी आणि सहकाऱ्यांनी, चिवट जुलाबाने हैराण झालेल्या ५ ते १२ महिन्यांच्या मुलांना तांदळाच्या पेजेत शिजवलेलं हिरवं केळं कालवून दिलं. तिसऱ्या दिवसापर्यंत केळं खाणारी निम्म्याहून अधिक मुलं बरी झाली. नुसत्या तांदळावरच्या गटात हे प्रमाण १५ टक्के होतं. हा अभ्यास २००१ सालचा. वीस वर्षांनी, २०२१ साली, तहमीद अहमद आणि अमेरिकेतले जेफ्री गॉर्डन यांनी कुपोषित मुलांसाठी एक आहार तपासला. हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि हिरवं केळं असे त्याचे घटक, पोटातल्या जिवाणूंकडे बघून निवडलेले. नेहमीच्या पूरक आहारापेक्षा त्यात उष्मांक कमी होते, तरीही मुलांची वाढ अधिक चांगली झाली. कुपोषण म्हणजे केवळ उष्मांकांची तूट, या समजुतीला त्याने मोठा धक्का दिला. आपल्या अंगणवाड्यांतल्या खाऊची पाकिटं ठरवणाऱ्यांनी हा अभ्यास मुळातून वाचायला हवा.

आता मधुमेहाकडे. आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या २०२३ साली आलेल्या अंदाजानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीच्या आहारविषयक अहवालात भारतीय माणूस सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेतो असं दिसलं. त्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली तीन दशकं दाखवत आले आहेत ती गोष्ट मिळवा: आपली बाळं वजनाला हलकी, पण अंगात चरबी राखून जन्मतात. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर बारीक दिसणाऱ्या माणसाला साखरेचा त्रास होतो तो असा.

अशा शरीराला रेझिस्टंट स्टार्चचा उपयोग होतो का? होतो, असं म्हणायला पुरावा आहे, पण तो मर्यादित आहे. इंग्लंडमध्ये डेनिस रॉबर्टसन यांनी दहा निरोगी माणसांना रोज ३० ग्रॅम असा चार आठवडे दिला, तेव्हा इन्सुलिनला मिळणारा शरीराचा प्रतिसाद सुधारला. २०२४ साली शांघायच्या गटाने ३७ जाड व्यक्तींना आठ आठवडे रोज ४० ग्रॅम दिला. सरासरी २.८ किलो वजन उतरलं आणि बिफिडोबॅक्टेरियम ॲडोलेसेंटिस हा जिवाणू वाढला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली मक्याच्या अशा स्टार्चच्या पाकिटावर मधुमेहाचा धोका कमी होण्याबद्दल लिहायला परवानगी दिली, पण पुरावा मर्यादित आहे असं सोबत छापण्याची अट घालूनच.

शिवाय जिवाणू आपले आणि प्रयोग परक्यांचे, हाही प्रश्न आहेच. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या आतड्यांत प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू ठळकपणे जास्त असल्याचं २०१६ साली दाखवलं. ॲबर्डीन किंवा शांघायचे निष्कर्ष पुण्याच्या पोटाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. असा प्रयोग इथल्या माणसांवर, इथल्या जेवणात व्हायला हवा.

भात गार करून खा, साखर चढत नाही, असं हल्ली सगळीकडे सांगितलं जातं. त्याचा हिशेब करून पाहू. इंडोनेशियातल्या २०१५ च्या एका अभ्यासात ताज्या पांढऱ्या भातात १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च होता. २४ तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केल्यावर तो १.६५ ग्रॅम झाला. जेवणानंतरची साखर त्याने थोडी कमी चढली, हेही खरं. पण प्रयोगांतले ३० ग्रॅम या वाटेने मिळवायचे तर दिवसाला १,८०० ग्रॅम भात खावा लागेल. फोडणीचा भात चवीसाठी खुशाल खावा, औषध म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नये. आणि भात रात्रभर ओट्यावर राहू देऊ नये. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात पसरून लवकर निववावा आणि तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवावा.

मोठ्या प्रमाणावर आणि दीर्घ काळ झालेला अभ्यास म्हणजे इंग्लंडमधून चालवलेला ‘कॅप-२’. न्यूकॅसलचे जॉन बर्न आणि जॉन मॅथर्स यांनी लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषामुळे कर्करोगाचा धोका असलेल्या सुमारे ९०० जणांपैकी निम्म्यांना रोज ३० ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च दिला. आतड्याचा कर्करोग रोखला जाईल अशी अपेक्षा होती, ती फोल ठरली. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात इतर अवयवांचे कर्करोग मात्र कमी निघाले, २७ विरुद्ध ४८. अपेक्षा एक आणि उत्तर दुसरं, हे या क्षेत्रात अजून बरंच घडणार आहे.

मग घरी करायचं काय? डब्यातली पावडर विकत घेण्याआधी कडधान्याकडे वळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मटकी, चवळी, वाल, कुळीथ, हरभरा यांची उसळ रोज एका जेवणात असावी आणि तेवढा भात किंवा पोळी कमी घ्यावी. तिच्यात रेझिस्टंट स्टार्चबरोबर चोथा आणि प्रथिनंही येतात. कोकणात होते तशी कच्च्या केळ्याची भाजी अधूनमधून करावी. शिजताना त्यातला बराच स्टार्च पचण्याजोगा होतो, तरी काही उरतो. सवय नसेल तर पहिले दोन आठवडे अर्ध्या वाटीवर राहावं, नाहीतर पोट फुगतं आणि माणूस नाद सोडून देतो. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी जेवणात हा बदल केल्यावर दोन तासांनी साखर तपासून वहीत लिहावी आणि औषधाचा डोस ती वही डॉक्टरांना दाखवूनच बदलावा.