वातरक्त आणि रोजचे जेवण

पायाच्या अंगठ्याचा सांधा मध्यरात्री एकाएकी सुजतो, लाल होतो आणि त्याला पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. गाऊट या विकाराचे हे नेहमीचे रूप होय. चरकसंहितेत वर्णिलेले ‘वातशोणित’ अथवा वातरक्त याच्याशी पुष्कळसे जुळते. त्यालाच ‘आढ्यवात’, म्हणजे धनिकांचा वात, असेही म्हटले आहे. आज मात्र तो कोणत्याही घरात आढळतो.

पेशींतील व अन्नातील प्यूरिन या द्रव्यांचे विघटन होऊन यूरिक आम्ल तयार होते. मूत्रपिंडे त्याचा बराचसा भाग बाहेर टाकतात. १०० मिलिलिटर रक्तद्रवात त्याचे प्रमाण सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहिले, की सुईसारखे स्फटिक सांध्यात साचू लागतात. या आम्लाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शरीरातच निर्माण होतो. आहाराचा वाटा एक-तृतीयांश असतो.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यासारख्या जुन्या वस्तीतील एखाद्या शाकाहारी मराठी कुटुंबाचा विचार करू. रोगाचे नाव कळताच पहिली गदा येते ती वरणावर; मागोमाग पालक आणि मटारही बंद होतात. भात-वरण हेच ज्यांचे मुख्य अन्न, त्यांचा प्रथिनांचा आधारच अशाने नाहीसा होतो. वस्तुतः २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ४७,००० पुरुषांच्या १२ वर्षांच्या पाहणीत मांस-मासळीमुळे धोका वाढलेला दिसला. डाळी व प्यूरिनयुक्त भाज्यांमुळे तो वाढला नाही, आणि कमी स्निग्धांशाच्या दुधादह्याने तर तो घटला.

तेव्हा बंधन घालावयाचे ते यकृतासारखे मांस, मद्य, विशेषतः बियर, आणि साखरेची शीतपेये यांवर. वरण आणि ताक सोडण्याचे कारण नाही. वजन अधिक असल्यास ते हळूहळू उतरवावे. कडक उपवासात शरीरात तयार होणारी कीटोन द्रव्ये यूरिक आम्लाच्या उत्सर्जनात अडथळा आणतात. त्यामुळे निर्जळी एकादशी वातरक्ताच्या रोग्याला मानवत नाही. छत्तीसगढच्या उन्हाळ्यात घामाने शरीरातील पाणी घटते. म्हणून मूत्रपिंड व हृदय निरोगी असल्यास भरपूर पाणी प्यावे.

काटेकोर पथ्यानेही हे प्रमाण साधारणतः एखाद्या मिलिग्रॅमनेच उतरते. दुखणे वारंवार उलटत असेल, तर १९६० च्या दशकापासून वापरात असलेल्या ॲलोप्यूरिनॉलसारख्या औषधाचा निर्णय वैद्यकीय सल्ल्याने घ्यावा, आणि ठणका थांबला म्हणून ते आपल्या मनाने सोडू नये. पथ्य हे औषधाला साहाय्यक आहे. ते त्याची जागा घेऊ शकत नाही.