हिवाळा अवचित येत नाही

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत इंग्लंडमधील रुग्णालयांत रुग्ण स्ट्रेचरवर ताटकळतात आणि दाराशी रुग्णवाहिकांची रांग लागते. ‘हिवाळ्याचा ताण’ असे याचे नामकरण झाले आहे. जणू दोष ऋतूचाच! वस्तुतः फ्लूची लाट किती मोठी असेल हे आधी सांगता आले नाही, तरी ती येणार हे सर्वांस ठाऊक असते. 1987-88 मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे जवळजवळ तीन लाख खाटा होत्या; 2019-20 पर्यंत निम्म्याहून कमी उरल्या. उपचारांचा काळ घटल्याने ही कपात काही अंशी उचितही होती. परंतु बाराही महिने सर्व खाटा भरलेल्या ठेवणे ही काटकसर नव्हे.

खरी कोंडी मात्र रुग्णालयातून बाहेर पडण्याच्या वाटेवर आहे. घरी जाण्याजोगे झालेले वृद्ध, घरी शुश्रूषेची सोय नसल्याने, खाटेवरच राहतात. रुग्णालयाचा खर्च मध्यवर्ती तिजोरी उचलते; शुश्रूषेचा भार स्थानिक संस्थांवर आणि ऐपत असल्यास खुद्द रुग्णावर पडतो. साहजिकच एका थैलीतली बचत दुसरीला महाग पडते. अशा स्थितीत ऐन थंडीत जाहीर होणारे जादा अनुदान म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. ते उन्हाळ्यातच, आणि प्रथम या शुश्रूषेसाठी, मिळावयास हवे.

दर पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोने गांगरून जाणाऱ्या आपल्याकडील नगरपालिकांनीही हे ध्यानी घ्यावे. ऋतूला दोष दिल्याने अंदाजपत्रक निर्दोष ठरत नाही.