थोडक्या खर्चांत मुंबई

मोठें शहर पाहावयाचें तर थैलीहि मोठी पाहिजे, असा समज आम्हां विद्यार्थ्यांत रूढ आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही सहा मित्र, एकाच्या थोरल्या बंधूंस बरोबर घेऊन, सोलापुराहून मुंबईस जाऊन आलों. त्या दोन दिवसांच्या अनुभवावरून हा समज कितपत खरा आहे, व थोडक्या पैशांत मुंबई कशी पाहतां येते, हें वाचकांस सांगण्याचें योजिलें आहे.

पहिला विचार थैलीचा. आमच्यांतील एका मित्राचे वडील यंत्रमागावर कामास आहेत. बेत ठरूं लागतांच त्यानें ‘मला गर्दीचा कंटाळा आहे’ असें सांगून अंग काढून घेतलें. गड्ड्याच्या यात्रेंत रोज हिंडणाऱ्या मुलास गर्दीचा कंटाळा येतो, हें कोणासहि पटेना. खरें कारण उमगलें तेव्हां आम्हांस लाज वाटली. कारण दर माणशीं दीड हजार रुपयांचा अंदाज आम्हीं त्याला न विचारतांच बांधला होता. ‘तुझा वांटा आम्ही भरूं’ असें म्हणणें सोपें होतें. परंतु मित्रास उपकाराखालीं ठेवून त्याच्यासह मौज करणें हें मैत्रीचें लक्षण नव्हे. शेवटीं थोरल्या बंधूंनीं तोड काढिली. ते म्हणाले, “ज्याची थैली सर्वांत लहान, तिच्या मापानें सर्वांचा खर्च बेता.” मित्रानें सातशें रुपये देतां येतील असें सांगितलें. मग सर्वांनीं सातशेंच द्यावे, जास्त कोणीं आणूं नयेत, व सर्व खर्च एकाच थैलींतून व्हावा, असें ठरलें. शुभवर्तमानांतील विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट आपण पुष्कळदां ऐकतों. तिचा अर्थ त्या दिवशीं आम्हांस थोडासा कळला. (हें सर्व त्या मित्राच्या संमतीनेंच लिहीत आहों.)

खर्चाचीं मुख्य कलमें चार: प्रवास, मुक्काम, जेवण व प्रवेशाचीं तिकिटें. सोलापुराहून मुंबई सुमारें साडेचारशें किलोमीटर आहे. रात्रीच्या गाडीनें निघालें म्हणजे सकाळीं पोहोंचतां येतें, व एका रात्रीचा मुक्काम वांचतो. दुसरी रात्र आम्हीं परळास एका मित्राच्या काकांचे घरीं काढली. दुसऱ्याच्या घरीं उतरावयाचें तर अंथरूण-पांघरूण आपलें न्यावें व गृहिणीच्या हातीं गांवची एखादी वस्तु द्यावी. आम्हीं कडक भाकरी व शेंगांची चटणी पुष्कळ नेली होती. ती यजमानांसहि आवडली व दोन दिवस आम्हांसहि पुरली. वडापाव व केळीं यांवर बाकीचें भागलें.

शहरांत हिंडण्यास लोकल गाडीसारखें स्वस्त वाहन नाहीं. मध्य, पश्चिम व हार्बर असे तिचे मुख्य मार्ग असून, मध्य व पश्चिम हे दादर येथें एकमेकांस भेटतात. एक, तीन किंवा पांच दिवसांचें पर्यटक-तिकीटहि मिळतें. पण दिवसांतून दोन-तीनच फेऱ्या व्हावयाच्या असतील तर साधें तिकीटच स्वस्त पडतें. सकाळीं दक्षिणेकडे जाणाऱ्या व सायंकाळीं उत्तरेकडे परतणाऱ्या गाड्यांत नवख्यानें शिरूं नये. हा उपदेश ऐकूनहि आम्ही पहिल्या सायंकाळीं सहाच्या गाडींत बसलों. परळास चौघे उतरले. तिघे गर्दींत अडकून पुढें दादरला गेले. ते परत फिरले, तों आम्ही त्यांच्या शोधार्थ दादरला निघालों! तास गेला तो गेलाच. तेव्हांपासून नियम केला कीं, जो पुढें गेला त्यानें परत यावें, व जो उतरला त्यानें जागचें हालूं नये.

आतां पाहावयाच्या स्थळांविषयीं. मुंबईचा जुना भाग पायींच पाहावा. ज्या स्टेशनांत आपण उतरतों, तेंच पहिलें प्रेक्षणीय स्थळ होय. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत स्टीव्हन्स या शिल्पज्ञानें योजिली. तिचें काम १८७८ सालीं सुरू होऊन दहा वर्षें चाललें, व २००४ सालीं युनेस्कोनें तिचा जागतिक वारशांत समावेश केला. याच परिसरांतील बोरीबंदराहून १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्यापर्यंत पहिली प्रवासी आगगाडी धांवली. येथून अपोलो बंदरापर्यंतची वाट दोन-अडीच किलोमीटरच आहे. पण तिच्या दोन्ही अंगांस इतकें आहे कीं, आम्हांस अर्धा दिवस लागला. १७१८ सालीं उपासनेस खुलें झालेलें सेंट थॉमस मंदिर या वाटेवरच आहे. त्याच्याकडे जाणाऱ्या कोटाच्या वेशीवरूनच ‘चर्चगेट’ हें नांव पडलें. वेस गेली, कोट गेला, नांव मात्र राहिलें. जवळच एशियाटिक सोसायटीच्या भव्य पायऱ्या आहेत. पुढें हुतात्मा चौकांत संयुक्त महाराष्ट्रासाठीं प्राण देणाऱ्यांचें स्मारक आहे. तेथें क्षणभर उभें राहावें. नंतर ओव्हल मैदानावरून राजाबाई मनोरा पाहावा. प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या मातोश्रींच्या नांवें दिलेल्या देणगींतून तो १८७८ सालीं पुरा झाला. या सर्वांस एक पैसाहि पडत नाहीं.

गेटवे ऑफ इंडियापाशीं मात्र आमची परीक्षा झाली. पंचम जॉर्ज १९११ सालीं येथें उतरले त्याच्या स्मरणार्थ ही कमान बांधली, ती १९२४ सालीं पुरी झाली. व २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी तिच्याखालूनच परत गेली. येथूनच घारापुरीच्या लेण्यांकडे होड्या जातात. होडीचें भाडें विचारतां तें थैलीच्या बाहेर गेलें. तेव्हां दोघांनीं घरून जास्त पैसे गुपचूप आणल्याचें उघडकीस आलें. त्या दोघांपैकीं एक आम्ही स्वतः होतों, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. ‘आम्ही दोघे जाऊन येतों, तुम्ही येथें बसा’ असें आम्ही बोलूनहि गेलों. कोणी रागावलें नाहीं. तो मित्र तर ‘खुशाल जा’ म्हणाला. पण सायंकाळीं आम्हीं लेण्यांच्या गोष्टी सांगावयाच्या व त्यानें त्या नुसत्या ऐकावयाच्या, हें चित्र डोळ्यांपुढें आलें, व आम्ही पैसे पुन्हा खिशांत घातले. तो वेळ सर्वांनीं जवळच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत घालविला. विद्यार्थ्यांस तेथें सवलत मिळते. मात्र शाळेचें ओळखपत्र जवळ पाहिजे. घारापुरीचीं कांहीं शिल्पेंहि तेथें पाहावयास मिळालीं. तरी घारापुरी राहिली ती राहिलीच, व तिची चुटपुट अद्याप आहे. ज्यांना ती साधेल त्यांनीं जरूर पाहावी. सोमवारीं मात्र लेणीं बंद असतात.

दुसऱ्या दिवशीं ग्रँट रोड स्टेशनापासून आरंभ केला. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं ‘छोडो भारत’चा ठराव जेथें संमत झाला, तें गवालिया टँक मैदान आज ऑगस्ट क्रांति मैदान म्हणून ओळखलें जातें. तेथून थोड्याच अंतरावर मणिभवन आहे. १९१७ ते १९३४ या काळांत महात्मा गांधी मुंबईस आले म्हणजे या घरीं उतरत. त्यांची साधी खोली व चरखे पाहून, थोडक्यांत राहणें म्हणजे हलक्यांत राहणें नव्हे, हें ध्यानांत येतें. पुढें गिरगांवच्या चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२० सालीं त्यांच्या देहास येथेंच अग्नि दिला गेला. समोरच विल्सन कॉलेज आहे. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं आरंभिलेल्या विद्यालयाचें हें वाढलेलें रूप, आमच्यासारख्या मिशन शाळेच्या विद्यार्थ्यांस विशेष आपुलकीचें वाटलें. शेवटीं मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून सूर्यास्त पाहिला व दिवे लागतांना पाहिले. शहरांतील हा सर्वांत सुंदर देखावा फुकट आहे.

परतण्यापूर्वीं हिशेब केला तेव्हां थैलींत एकशें बारा रुपये उरले होते. ते वांटून न घेतां तसेच ठेवले आहेत. पुढील सुटींत घारापुरीस जावयाचें, व त्यासाठीं दर आठवड्यास ज्यानें त्यानें झेपेल तेवढें त्यांत टाकावयाचें, असें ठरलें आहे. किती कोण टाकतो हें कोणीं विचारावयाचें नाहीं. थैलीचा खजिनदार तोच मित्र आहे, व गर्दीचा कंटाळा असल्याचें तो पुन्हा बोललेला नाहीं.