सबटायटल पुढे-मागे का धावतात? एका छोट्या फाइलमधून शिकण्यासारखं बरंच काही

संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी लिहायचं आणि विषय घ्यायचा कॉम्प्युटरवर सिनेमा बघताना बाहेरून सबटायटल कसे जोडायचे! वाचून काही जण हसतील. पण शेवटपर्यंत वाचा. सबटायटल जुळवणं म्हणजे दोन वेगवेगळ्या घड्याळांवर नोंदवलेला डेटा एकमेकांशी जुळवणं, आणि पीएचडीत हे काम कधी ना कधी तुमच्या वाट्याला येणारच आहे.

दुसरं कारण जास्त जवळचं आहे. मराठी माध्यमातून आलेल्या अनेकांना इंग्रजी व्याख्यान वाचताना समजतं, पण ऐकताना निसटतं. खाली ओळ दिसत असेल तर तोच माणूस तेच व्याख्यान आरामात पार करतो. आमच्या लॅबमधल्या एका ज्युनियरने एक ऑनलाइन कोर्स दुसऱ्याच आठवड्यात सोडायचं ठरवलं होतं, कारण काय तर "सर फार फास्ट बोलतात". डाउनलोड केलेल्या व्हिडिओची सबटायटल फाइल शेजारीच पडून होती, फक्त सात सेकंद मागे होती. ती जुळवल्यावर कोर्स पूर्ण झाला. त्यामुळे हे कौशल्य किरकोळ समजू नका.

आधी फाइल उघडून बघा

बाहेरची सबटायटल फाइल बहुतेक वेळा एसआरटी प्रकारची असते. 'सबरिप' नावाच्या प्रोग्रॅमवरून हे नाव आलं. डीव्हीडीवर सबटायटल अक्षरं म्हणून नसतात, चित्रं म्हणून असतात. ती चित्रं ओळखून त्यांचा मजकूर करणं हे सबरिपचं काम. त्यामुळे एसआरटी फाइल म्हणजे निव्वळ मजकूर. नोटपॅडमध्ये उघडली की असं दिसतं:

१
००:०१:००,००० --> ००:०१:०३,२००
पहिलं वाक्य

२
००:०१:०४,५०० --> ००:०१:०७,०००
दुसरं वाक्य

अनुक्रमांक, सुरू आणि बंद होण्याची वेळ, मजकूर, मग एक रिकामी ओळ. बस्स. वेळ तास, मिनिटं, सेकंद आणि स्वल्पविरामानंतर मिलिसेकंद अशी लिहितात. इथे मी देवनागरी अंक वापरलेत, पण खऱ्या फाइलमध्ये वेळेचे अंक इंग्रजीच हवेत, नाहीतर प्लेअरला ते कळणार नाहीत. मजकूर मात्र कुठल्याही लिपीत चालतो.

एक गोष्ट लक्षात घ्या. या फाइलला सिनेमाबद्दल काहीही माहीत नसतं. "अमुक वेळेला अमुक ओळ दाखव" एवढंच तिला ठाऊक. ती वेळ कुणाच्या घड्याळाची, हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

जोडायची कशी

मी व्हीएलसी प्लेअर धरून सांगतो. तो मोफत आहे, विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालतो आणि त्याचा जन्मही पॅरिसच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून झालाय. तीन मार्ग आहेत:

१. सगळ्यात सोपा: सबटायटल फाइलचं नाव व्हिडिओसारखंच ठेवा आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. व्हिडिओ 'लेक्चर-०३.एमपी४' असेल तर सबटायटल 'लेक्चर-०३.एसआरटी'. व्हीएलसी ती आपोआप उचलतो.

२. व्हिडिओ सुरू करून 'सबटायटल' मेनूत जा आणि 'ॲड सबटायटल फाइल' निवडा.

३. फाइल माउसने ओढून चालू व्हिडिओवर सोडा.

एकापेक्षा जास्त भाषांच्या फाइल असतील तर कीबोर्डवरचं 'व्ही' दाबून आलटून पालटून बघता येतात. जोडणं एवढंच. खरी मजा पुढे आहे.

अक्षरांऐवजी कचरा दिसतो?

मराठी किंवा हिंदी सबटायटलमध्ये हा त्रास नेहमीचा. पण कचरा तीन प्रकारचा असतो, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं.

पहिला प्रकार: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्याच्या मागे कधी येन चलनाचं चिन्ह, असं पुन्हा पुन्हा दिसतं. ही चांगली बातमी आहे! यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच असतो. प्लेअर त्या तीन बाइटना तीन सुटी युरोपीय अक्षरं समजतोय, म्हणून तो 'ए' सारखा डोकावतो. डेटा शाबूत आहे, वाचायची पद्धत चुकतेय. व्हीएलसीत 'टूल्स', मग 'प्रेफरन्सेस', मग सबटायटलच्या टॅबमध्ये 'डिफॉल्ट एन्कोडिंग' यूटीएफ-८ करा आणि व्हिडिओ पुन्हा उघडा.

दुसरा प्रकार: चौकोनी डबे. इथे वाचन बरोबर झालंय, पण निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही. त्याच टॅबमध्ये देवनागरी असलेला फाँट निवडा.

तिसरा प्रकार: नुसती प्रश्नचिन्हं. फाइल नोटपॅडमध्ये उघडली तरी प्रश्नचिन्हंच. ही वाईट बातमी. कुणीतरी ती जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह केली आणि मूळ अक्षरं कायमची गेली. आता सेटिंग कितीही बदला, उपयोग नाही. दुसरी प्रत शोधा.

म्हणजे वाचनातला दोष, दाखवण्यातला दोष आणि साठवणुकीतला दोष. सर्वेक्षणाचा मराठी डेटा एक्सेलमधून इकडे-तिकडे नेताना नेमके हेच तीन दोष भेटतात. पहिले दोन दुरुस्त होतात, तिसरा होत नाही. म्हणून मूळ फाइलला कधीही हात लावायचा नाही, कॉपीवर काम करायचं.

वेळ चुकते तेव्हा: सरक की ओढ?

सबटायटल जुळत नाहीत म्हटल्यावर सगळे एकच उपाय करतात: व्हीएलसीत 'जी' किंवा 'एच' दाबत बसतात. 'एच'ने सबटायटल उशिरा येतात, 'जी'ने लवकर. एका दाबाला ५० मिलिसेकंद. पण हा उपाय एकाच आजारावर चालतो.

आजार पहिला, सरक: फरक सुरुवातीला ७ सेकंद, मध्यावर ७ सेकंद, शेवटीही ७ सेकंद. व्हिडिओच्या आधी कुणाचं तरी बोधचिन्ह जोडलंय किंवा कापलंय. इथे 'जी' आणि 'एच' पुरेसे. मात्र हा बदल फाइलमध्ये साठत नाही, पुढच्या वेळी पुन्हा करावा लागतो.

आजार दुसरा, ओढ: सुरुवातीला फरक किरकोळ, पण सिनेमा पुढे जाईल तसा वाढतच जातो. तुम्ही जुळवता आणि दहा मिनिटांत पुन्हा बिघडतं. इथे घड्याळाचा वेगच वेगळा आहे.

हे कुठून येतं? सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चित्रित होतो. युरोपातलं आणि भारतातलं टीव्हीचं जुनं मानक सेकंदाला २५ चित्रांचं. त्यामुळे तिथल्या डीव्हीडीसाठी सिनेमा सरळ थोडा वेगात चालवायचे. अमेरिका-जपानच्या मानकात हाच वेग २३.९७६ होतो. कुरोसावाचा १९५२ चा 'इकिरू' घ्या. मूळ लांबी १४३ मिनिटं. २५ चित्रांच्या वेगाने चालवला तर तो साधारण १३७ मिनिटांतच संपतो. आता सबटायटल या डीव्हीडीवरून घेतलेले आणि तुमचा व्हिडिओ २३.९७६ चा, तर शेवटच्या प्रसंगात संवाद सुमारे सहा मिनिटं आधीच दिसून गेलेला असेल. 'जी-एच' दाबून हे सुटणार नाही.

दोन बिंदू, एक रेषा

उपाय दहावीच्या गणितातला आहे.

खरी वेळ = (गुणक × फाइलमधली वेळ) + सरक

दोन अज्ञात आहेत, म्हणून दोन बिंदू हवेत. समजा, फाइलमध्ये ६० व्या सेकंदाला असलेलं वाक्य प्रत्यक्षात ६४ व्या सेकंदाला ऐकू येतं. आणि फाइलमध्ये १ तास ३१ मिनिटांवर, म्हणजे ५४६० व्या सेकंदाला असलेलं वाक्य प्रत्यक्षात ५६९५ व्या सेकंदाला.

गुणक = (५६९५ − ६४) ÷ (५४६० − ६०) = ५६३१ ÷ ५४०० = १.०४२८

सरक = ६४ − (१.०४२८ × ६०) = सुमारे १.४ सेकंद

आता २५ ला २३.९७६ ने भागून बघा: १.०४२७. जुळलं! म्हणजे नुसतं गणित बसलं असं नाही, कारणही सापडलं. आणखी एक गंमत बघा. सुरुवातीला दिसणारा ४ सेकंदांचा फरक सगळा 'सरक' नव्हता. त्यातले अडीचेक सेकंद एका मिनिटात साठलेली ओढ होती. डोळ्यांना दिसणारा फरक दोन कारणांची बेरीज असू शकतो.

हे हाताने करायची गरज नाही. 'सबटायटल एडिट' या मोफत प्रोग्रॅममध्ये 'पॉइंट सिंक' आहे: दोन ओळींच्या खऱ्या वेळा द्या, बाकी सगळ्या ओळी तो बदलतो. मग नवीन नावाने सेव्ह करा.

बिंदू मात्र लांब लांब घ्या. कानाने ऐकून वेळ टिपताना अर्धा सेकंद इकडे-तिकडे होणारच. दोन्ही टोकांना उलट दिशेने अर्धा-अर्धा सेकंद चुकलं तर एकूण चूक १ सेकंद. बिंदूंमध्ये फक्त एक मिनिट असेल तर गुणकातली चूक १ भागिले ६०, म्हणजे जवळपास १.७ टक्के. दीड तास असेल तर १ भागिले ५४००, म्हणजे ०.०२ टक्के. २४ आणि २३.९७६ मधला फरक फक्त ०.१ टक्का आहे. एका मिनिटाच्या अंतराने तो कधीच पकडता येणार नाही, दीड तासाच्या अंतराने सहज येईल. तुमच्याकडे उपकरण तेच, कान तेच. फक्त मापनाची रचना बदलली.

तिसरा बिंदू कशाला?

कारण दोन बिंदूंमधून रेषा नेहमीच जाते! ती जाते म्हणून तुमचं मॉडेल बरोबर ठरत नाही. मधला एक संवाद घ्या. वरच्या सूत्राने फाइलमधला २७०० वा सेकंद प्रत्यक्षात साधारण २८१७ वा यायला हवा. तिथे संवाद जुळला, तर ठीक. समजा, तिथे २० सेकंदांचा फरक निघाला, तर आजार तिसरा आहे: उडी. मध्ये कुठेतरी एखादा प्रसंग कापलेला किंवा जास्तीचा आहे, म्हणजे सबटायटल दुसऱ्याच आवृत्तीचे आहेत. मग एका रेषेचा हट्ट सोडायचा, उडी कुठे आहे ते शोधायचं आणि दोन तुकडे वेगळे जुळवायचे.

'एफएफसबसिंक'सारखी साधनं हे काम आपोआप करायचा प्रयत्न करतात. ऑडिओचे दहा-दहा मिलिसेकंदांचे तुकडे करून "इथे कुणी बोलतंय का" हे हो-नाही मध्ये लिहायचं, सबटायटलचंही तसंच करायचं, आणि एक पट्टी दुसरीवर सरकवत सर्वांत जास्त जुळणी कुठे होते ते बघायचं. हेच क्रॉस-कोरिलेशन. पुस्तकात ते इंटिग्रलच्या चिन्हासकट येतं म्हणून भीती वाटते. कल्पना एवढीच आहे.

हे लॅबमध्ये कुठे भेटतं

सह्याद्रीतल्या एका छोट्या ओढ्यावर पर्जन्यमापक आणि पाण्याची पातळी मोजणारा लॉगर बसवलाय असं समजा. प्रश्न असा: पाऊस पडल्यावर किती वेळाने ओढा चढतो? एक उपकरण भारतीय वेळेवर आणि दुसरं ग्रीनिच वेळेवर राहिलं, तर साडेपाच तासांची सरक येते आणि पाऊस पडायच्या आधीच ओढा चढलेला दिसतो. ही चूक कुणाच्याही लक्षात येईल. पण लॉगरचं घड्याळ दहा लाखांत २० भाग इतकं चुकत असेल, आणि क्वार्ट्झ घड्याळात हे काही नवल नाही, तर दिवसाला १.७ सेकंद आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत साडेतीन मिनिटं ओढ साठते. ओढा पंधरा-वीस मिनिटांत चढत असेल तर ही साडेतीन मिनिटं निष्कर्ष बदलू शकतात, आणि आलेख दिसायला अगदी शहाणासुरता दिसतो. मध्येच बॅटरी बदलली की उडी. म्हणून लॉगर बसवताना आणि काढताना, दोन्ही वेळा त्याचं घड्याळ एकाच विश्वासू घड्याळाशी ताडून वहीत लिहायचं, आणि मध्ये एखाद्या भेटीत तिसरी नोंद घ्यायची. तेच तीन बिंदू.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या मालकीचा किंवा रीतसर मिळवलेला एक व्हिडिओ घ्या, त्याची एसआरटी फाइल घ्या, आणि आधी तिची कॉपी करा. 'सबटायटल एडिट'मध्ये मुद्दाम वेग २३.९७६ वरून २५ करा आणि वर तीन सेकंदांची सरक घाला. मग ती बिघडवलेली फाइल मित्राला द्या, काय केलं ते न सांगता. त्याने फक्त ऐकून, तीन बिंदू टिपून, गुणक आणि सरक दोन्ही काढायचे. उत्तर तुमच्याकडे आहेच. त्याची चूक किती आली आणि का आली, हे दोघांनी मिळून अर्धं पान लिहा. मुलाखतीत कुणी "एरर ॲनालिसिस म्हणजे काय" विचारलं, तर हे अर्धं पान पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा जास्त कामाला येईल.